संगणक जुना, कार्यप्रणाली कोणती?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात जानेफळ हे गाव आहे. समजा, तेथील एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात दहा संगणक आहेत. त्यांतील चार चालतात. उरलेले सहा बंद पडलेले नाहीत, पण 'फार हळू चालतात' म्हणून त्यांच्यावर कापड टाकून ठेवले आहे. वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि तासिका ३५ मिनिटांची आहे. चार संगणकांवर प्रत्येकी दहा विद्यार्थी बसले, तर एकाच्या हाती कळफलक येतो फक्त साडेतीन मिनिटे. दहाही संगणक चालू झाले, तर हाच वेळ पावणेनऊ मिनिटे होतो. साडेतीन मिनिटांत मुलाचे स्वतःचे नाव टंकून होते, तर पावणेनऊ मिनिटांत एक परिच्छेद लिहून होतो. कापडाखालच्या त्या सहा संगणकांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

असे संगणक पुन्हा कामाला लावता येतात का? बऱ्याचदा येतात. त्यासाठी त्यांच्यावर कोणती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवायची हे समजून घ्यावे लागते. 'संगणक जुना आहे, तेव्हा जुनीच विंडोज बसवू' हे उत्तर सहज सुचते. ते बहुतेक वेळा चुकीचे का ठरते आणि बरोबर उत्तर कोणते, ते पाहू या.

संगणक म्हातारा कशाने होतो?

सायकल जुनी झाली की तिची चेन झिजते आणि ती जड चालते. संगणकाच्या प्रोसेसरचे तसे होत नाही. २००८ साली तो सेकंदाला जितकी गणिते करत होता, तितकीच आजही करू शकतो. झिजतात ते फिरणारे भाग, म्हणजे पंखा आणि हार्ड डिस्क. पंख्यात धूळ बसली आणि त्यात विदर्भातला उन्हाळा आला की प्रोसेसर तापतो, आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा आहे : वीज तोडून, पेटी उघडून, मऊ ब्रशने धूळ काढणे.

धूळ काढूनही संगणक मंद असेल, तर कारण दुसरीकडे आहे. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे ४०९६ मेगाबाइट लागते. वीस वर्षांत गरज ६४ पट झाली. यंत्र होते तेवढेच राहिले, त्याच्यावरचे ओझे मात्र वाढले.

रॅम कमी पडली की काय होते? रॅम हे कामाचे टेबल समजा आणि हार्ड डिस्क हे कपाट. टेबल भरले की काही कागद कपाटात ठेवावे लागतात आणि गरज पडली की पुन्हा आणावे लागतात. रॅममधील माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरची मिळायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागला असे मानले, तर कपाटातला आणायला जवळजवळ २८ तास लागतील! म्हणून जमल्यास रॅम वाढवणे किंवा हार्ड डिस्कच्या जागी फिरणारे भाग नसलेली एसएसडी बसवणे हा चांगला खर्च ठरतो. खर्च करायचा नसेल, तर टेबलावरचा पसारा कमी करणे एवढाच मार्ग उरतो. हलकी कार्यप्रणाली नेमके तेच करते.

कार्यप्रणाली करते काय?

शाळेत वर्ग, शिक्षक आणि मैदान मर्यादित असते. कोणाला काय, केव्हा मिळेल हे वेळापत्रक ठरवते. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते. प्रोसेसरचा वेळ ती काही मिलिसेकंदांच्या तासिकांमध्ये वाटते, रॅमची जागा नेमून देते, आणि छपाई यंत्र, कळफलक, पडदा यांच्याशी व्यवहार करते.

१९८४ मध्ये भारतात शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक प्रकल्प सुरू झाला. त्यात ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांची रॅम ३२ किलोबाइट आणि कार्यप्रणाली १६ किलोबाइटच्या कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेली. कळ दाबताच यंत्र तयार! बसवायचे काही नाही, आणि बदलायचेही काही नाही. पुढे कार्यप्रणाली डिस्कवर आली. त्यामुळे ती चालू व्हायला वेळ लागू लागला, पण ती बदलण्याची सोयही झाली. आपण तिचाच उपयोग करून घेणार आहोत.

जुनीच प्रणाली पुन्हा बसवली तर?

एक्सपी किंवा विंडोज ७ जुन्या यंत्रावर चालतात यात शंका नाही. अडचण वेगळी आहे. कोणत्याही कार्यप्रणालीत चुका असतात. काहींतून चोरवाटा निघतात. निर्माते त्यांना वेळोवेळी ठिगळे लावतात. एक्सपीला ठिगळे मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सापडलेली चोरवाट उघडीच राहते.

याचा परिणाम १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिला. 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा कार्यक्रम दीडशेहून अधिक देशांत पसरला. तो ज्या चोरवाटेने शिरला, तिचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. एक्सपीचा आधार संपलेला असल्याने तिला मार्चमध्ये ठिगळ मिळालेच नव्हते. हल्ल्यानंतर कंपनीने अपवाद म्हणून ते दिले.

दुसरी अडचण रोजच्या वापराची आहे. आज बहुतेक संकेतस्थळे माहिती सांकेतिक रूपात पाठवतात. त्यासाठी टीएलएस नावाची पद्धत वापरतात. तिची २००८ साली ठरलेली १.२ ही आवृत्ती एक्सपीबरोबर येणाऱ्या ब्राउझरला समजत नाही. दोघांची भाषा जुळत नाही म्हणून पान उघडत नाही, आणि आपण मात्र संगणकाला दोष देतो.

तिसरी गोष्ट परवान्याची. विंडोज एक्सपीची फाइल फुकट देणारी अनोळखी ठिकाणे इंटरनेटवर आहेत. विनापरवाना प्रत बसवणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध आहे. शिवाय त्या फाइलमध्ये कोणी काय मिसळले आहे, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग आपल्याकडे नसतो.

मग जुनी प्रणाली कधीच ठेवू नये का? एका परिस्थितीत ठेवता येते : शाळेकडे तिचा मूळ परवाना आहे आणि तो संगणक नेटला कधीही जोडला जाणार नाही. उदाहरणार्थ, युनिकोड येण्यापूर्वीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली शाळेची जुनी कागदपत्रे उघडण्यासाठी असा एक संगणक राखून ठेवणे सोयीचे असते. मात्र त्यात लावलेला पेन ड्राइव्ह दुसरीकडे वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा.

जुनी नको, हलकी हवी

आपल्याला आजही ठिगळे मिळणारी, पण टेबलावर कमी जागा घेणारी प्रणाली हवी. लिनक्सवर आधारलेल्या प्रणाली या कसोटीला उतरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तर १९९१ साली फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून संपूर्ण कार्यप्रणाली उभी राहते. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही अशीच एक प्रणाली. तिचा परवाना प्रत घेण्याची, वाटण्याची आणि बदल करण्याची मोकळीक देतो.

विंडोजमध्ये गाभा आणि पडद्यावरचे रूप एकत्रच येतात. लिनक्समध्ये ते वेगळे असतात. गाभा आजचा ठेवून त्यावर एलएक्सडीई किंवा एक्सएफसीईसारखे साधे रूप चढवता येते. झगमगाट कमी होतो, पण रॅम वाचते.

ही केवळ कल्पना नाही. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ साली आणली. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर शिकवणे अनेक वर्षे चालू आहे. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील एका छोट्या वाडीवरील शाळेत २००७ साली मुलांना 'एक्सओ' नावाचे लहान संगणक दिले गेले. त्यांचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी १ गिगाबाइट. त्यांवर लिनक्स होते, आणि वरचे रूप मुलांसाठी खास बेतलेले होते. अंगरखा मापाचा असला की लहान यंत्रही कामाचे ठरते.

आधी पाहणी

काम सुरू करण्यापूर्वी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. मग प्रत्येक संगणकासाठी वहीत एक ओळ आखून दोन गोष्टी लिहाव्यात : रॅम किती आणि प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा. ३२ बिटच्या पत्त्याने २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट इतक्याच जागा मोजता येतात. हेच ते ४ गिगाबाइट. येथे एक फसगत होते. विंडोज ३२ बिटची बसवलेली असली, तरी प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. २००६ पासून आलेले कोअर टू ड्युओ ६४ बिटचेच आहेत. म्हणून प्रोसेसरचे नाव व क्रमांक पाहून खात्री करावी.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ३२ बिटचे दिवस संपत आले आहेत. २०२३ साली आलेली डेबियन १२ ही ३२ बिटच्या संगणकावर बसवता येणारी तिची शेवटची आवृत्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीने ही सोय बंद केली. ६४ बिटचा प्रोसेसर आणि २ गिगाबाइट रॅम असेल, तर डेबियनची नवी आवृत्ती साध्या रूपासह घ्यावी. ३२ बिटचा असेल, तर डेबियन १२ किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ घ्यावी, आणि तिचीही ठिगळे थांबली की तो संगणक नेटपासून दूर ठेवावा.

संगणकाचे घड्याळही पाहावे. दर वेळी चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जात असेल, तर आतील नाण्यासारखी बॅटरी संपली आहे. ती बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची असते आणि घड्याळाच्या दुकानात मिळते. चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या ओळखपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते.

फाइल उतरवून घेणे

प्रणालीची फाइल नेहमी तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. ती साधारण १ ते ३ गिगाबाइटची असते. किती वेळ लागेल? जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. २ गिगाबाइट म्हणजे १६,००० मेगाबिट. मोबाइलवर सेकंदाला ४ मेगाबिट वेग मिळाला, तर ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटे. पण ती पेन ड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर नेली, आणि वेग सेकंदाला १० मेगाबाइट मिळाला, तर २०० सेकंद पुरतात. म्हणून जानेफळच्या एका शिक्षकाने एकदा उतरवलेली फाइल केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांना वाटता येईल. परवाना त्याला आडकाठी करत नाही.

आलेली फाइल जशीच्या तशी आहे का, हे तपासणे अत्यंत आवश्यक आहे. त्यासाठी संकेतस्थळावर फाइलचा 'ठसा' दिलेला असतो. त्याची कल्पना मुलांना अशी देता येईल. ४७२९ या संख्येतील अंकांची बेरीज २२. एक अंक चुकला की बेरीज बदलते आणि चूक कळते. पण ७४२९ असे अंक उलटसुलट झाले, तर बेरीज २२ च राहते. मग पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. ४७२९ साठी ६० येते आणि ७४२९ साठी ५७. चूक पकडली! आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही असाच, पण याहून चतुर रीतीने काढलेला तपासणीचा अंक असतो. फाइलसाठी एसएचए-२५६ ही कितीतरी अधिक कडक रीत वापरतात. तिचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये 'सर्टयुटिल' या आज्ञेने आपल्या फाइलचा ठसा काढता येतो. दोन्ही ठसे तंतोतंत जुळले तरच पुढे जावे.

बसवण्याची कृती

१. जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या : निकालपत्रके, पत्रव्यवहार, छायाचित्रे. त्या दुसऱ्या संगणकावर उघडतात का, हेही पाहा. नुसत्या उतरवल्या म्हणजे झाले असे समजू नका.

२. फाइल पेन ड्राइव्हवर 'लिहा'. नुसती प्रत करून चालत नाही. संगणक चालू होणे हे चूल पेटवण्यासारखे आहे. काडीने काटक्या पेटतात, काटक्यांनी लाकडे. चिपमधील बायोस हा छोटा कार्यक्रम ही काडी. तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या कप्प्यातील सूचना वाचतो, त्या पुढच्या कार्यक्रमाला उठवतात आणि तो कार्यप्रणालीचा गाभा रॅममध्ये आणतो. पहिल्या कप्प्यात योग्य मजकूर घालण्याचे काम 'रूफस'सारखा कार्यक्रम करतो. यात पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. फार जुने संगणक पेन ड्राइव्हवरून चालू होत नाहीत. त्यांच्यासाठी डीव्हीडी करावी.

३. संगणक चालू करताच डिलीट, एफ २ किंवा एफ १२ दाबून 'आधी पेन ड्राइव्ह वाच' असे बायोसला सांगा. कोणती कळ ते पडद्यावर क्षणभर दिसते.

४. आधी न बसवता चालवून पाहा. अनेक प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालतात. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पडदा, आवाज, कळफलक, नेट यांची येथेच परीक्षा घ्या. काही जमले नाही तर पेन ड्राइव्ह काढला की संगणक पूर्वीसारखाच.

५. समाधान झाले की बसवण्याचा पर्याय निवडा. 'संपूर्ण डिस्क पुसून बसवा' हा पर्याय सोपा आहे, पण तो निवडल्यावर जुने काही उरत नाही. क्रमांक १ ची पायरी त्यासाठीच होती. डिस्कचे विभाग पाडताना वीज गेली, तर सगळे पुन्हा करावे लागते. जुन्या यूपीएसच्या बॅटऱ्या बहुधा संपलेल्या असतात. म्हणून भारनियमनाची वेळ टाळून हे काम करावे.

६. शिक्षकासाठी एक खाते आणि विद्यार्थ्यांसाठी वेगळे, कमी अधिकारांचे खाते करा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडा. युनिकोडमधील मराठी मजकूर कोणत्याही आधुनिक संगणकावर तसाच दिसतो. नंतर ठिगळे लावून घ्या, आणि काय बसवले, केव्हा बसवले याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्या संगणकासमोर करा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला ती उपयोगी पडेल.

अपेक्षा किती ठेवावी?

कार्यप्रणाली हलकी झाली, तरी आजची संकेतस्थळे जडच आहेत. १ गिगाबाइट रॅमवर चित्रफिती पाहणे किंवा अनेक पाने एकदम उघडणे जमणार नाही. सरकारी पोर्टलवर माहिती भरायला चांगला संगणकच लागेल. पण मराठी टंकलेखन, लिबर ऑफिसमध्ये तक्ते व आलेख, पायथनमधील कासव चालवून भूमितीच्या आकृत्या काढणे, जीकॉम्प्रीसमधील खेळ यांना तो पुरतो. किविक्स या कार्यक्रमाने मराठी विकिपीडिया नेटशिवायही वाचता येतो.

आणि काही संगणक खरोखरच गेलेले असतात. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो, किंवा मदरबोर्डवरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसतात. त्यांची चांगली रॅम दुसऱ्या संगणकात घालावी आणि उरलेल्याचे रीतसर निर्लेखन करावे. भंगारात मात्र देऊ नये. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे सामान नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे गेले पाहिजे.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे गट करून एकेका गटाकडे एक संगणक द्या. जुन्या प्रणालीने तो चालू व्हायला किती सेकंद लागतात, हे तीन वेळा मोजून सरासरी काढायला सांगा. मग पेन ड्राइव्हवरून, आणि शेवटी नवी प्रणाली बसवल्यावर पुन्हा मोजा. स्तंभालेख त्याच संगणकावर काढा. पेन ड्राइव्हवरून चालवताना वेळ जास्त का लागतो? रॅम दुप्पट केली तर वेळ निम्मा होतो का? उत्तरे आधी अंदाजाने लिहायला सांगा आणि मग पडताळून पाहा. आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, तर टेबल-कपाटाचे उदाहरण पुन्हा काढा आणि कारण मुलांनाच शोधू द्या.